तारुण्यपीटिका आणि चेहऱ्याची साधी निगा

माध्यमिक शाळांतील शिक्षकांना एक अनुभव दरवर्षी येतो. दहावीच्या परीक्षेचे आवेदनपत्र भरण्याची वेळ आली, की छायाचित्र काढून घेण्यास काही मुलेमुली टाळाटाळ करू लागतात. कोणी त्या दिवशी गैरहजर राहतो, कोणी छायाचित्रकाराला चेहऱ्यावरचे डाग पुसून देण्याची गळ घालतो. एरवी वर्गात हुशारीने उत्तरे देणारी मुलगी अचानक शेवटच्या बाकावर जाऊन बसते आणि ओढणी गालापर्यंत ओढून घेते. कारण विचारले, तर सांगत नाही. कारण मात्र सर्वांना दिसत असते. चेहऱ्यावर उठलेल्या पुटकुळ्या हे ते कारण होय.

या पुटकुळ्यांना आपण मुरमे म्हणतो. (रस्त्यावर पसरावयाच्या मुरुमाशी या शब्दाचे नाते काय, हे भाषातज्ज्ञांनी सांगावे; बांधकाम खात्यातील मंडळींनी गैरसमज करून घेऊ नये.) ग्रांथिक मराठीत त्यांस तारुण्यपीटिका असे नाव आहे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या वर्णनात तरुणांच्या मुखावर येणाऱ्या या पीटिकांचा उल्लेख असून त्यांना शाल्मलीच्या, म्हणजे आपल्या काटेसावरीच्या, काट्यांची उपमा दिली आहे. काटेसावरीचे कोवळे खोड ज्याने जवळून पाहिले असेल, त्यास ही उपमा किती अचूक आहे ते सांगावयास नको. सांगण्याचा मुद्दा एवढाच, की हा विकार आजच्या खाण्यापिण्याने वा आजच्या धुरळ्याने नव्याने उपजलेला नाही.

क्षुद्ररोग असे म्हटले तरी ज्याला तो होतो त्याच्या दृष्टीने तो क्षुद्र नसतो. ज्या वयात आरशासमोर सर्वाधिक वेळ जातो, नेमक्या त्याच वयात तो होतो. आणि घरी त्याबद्दल बोलावे, तर ठराविक उत्तरे मिळतात. ‘उष्णता झाली आहे’, ‘पोट साफ होत नाही’, ‘तोंड नीट धूत जा’, आणि सर्वांत शेवटी ‘लग्न झाले की जातील’. यांपैकी शेवटच्या उत्तरात, वय वाढल्यावर विकार बहुधा ओसरतो, एवढेच तथ्य आहे. लग्नाचा त्याच्याशी संबंध नाही.

मुरूम होतो कसा

आपल्या त्वचेवर जेथे जेथे केस वा बारीक लव आहे, तेथे तेथे एक सूक्ष्म रोमकूप असतो. त्या रोमकूपाला लागून एक तैलग्रंथी असते. तिच्यातून पाझरणारा स्निग्ध पदार्थ त्वचा मऊ ठेवतो. कपाळ, नाक, गाल, हनुवटी, छाती आणि पाठीचा वरचा भाग या ठिकाणी या ग्रंथी मोठ्या व दाट असतात. वयात येताना शरीरात विशिष्ट संप्रेरके वाढू लागतात. मुलांप्रमाणे मुलींतही ती वाढतात. त्यांच्या प्रभावाने तैलग्रंथी अधिक तेल स्रवू लागतात. त्याच सुमारास रोमकूपाच्या आतील अस्तराच्या मृत पेशी नेहमीप्रमाणे सुट्या होऊन बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात आणि तेलाबरोबर त्यांचा बोळा तयार होतो. रोमकूपाचे तोंड बुजते.

बुजलेल्या रोमकूपाचे तोंड उघडे राहिले, तर त्यातील पदार्थाचा हवेशी संबंध येऊन तो काळा दिसू लागतो. हाच नाकावरचा काळा ठिपका. तो मळ नव्हे. तेलाचे हवेत होणारे ऑक्सिडीकरण आणि त्वचेचे स्वतःचे रंगद्रव्य यांमुळे तो काळा होतो. म्हणूनच कितीही घासले तरी तो जात नाही. तोंड बंद राहिले, तर पांढरट गाठ दिसते. त्वचेवर एरवी निरुपद्रवीपणे राहणारे काही जिवाणू या कोंडलेल्या तेलात वाढतात, शरीराची संरक्षक यंत्रणा जागी होते आणि लाली, सूज व पू अशा क्रमाने पुटकुळी तयार होते. पुटकुळी फोडली, की आतील द्रव्य आजूबाजूच्या त्वचेत शिरते, दाह खोलवर जातो आणि मागे खळगा राहतो. आपल्याकडील सावळ्या त्वचेवर पुटकुळी बरी झाल्यानंतरही काळसर डाग कित्येक महिने टिकतो. पुष्कळ वेळा मुले त्या डागालाच मुरूम समजून त्यावर निरनिराळे उपाय करीत बसतात.

हे सर्व विस्ताराने सांगण्याचे कारण असे, की मुरूम हा अस्वच्छतेमुळे होतो, हा समज अत्यंत घट्ट रुजलेला आहे. शिक्षकही नकळत तसे बोलून जातात. ज्या मुलीला दिवसातून पाच वेळा साबणाने तोंड धुण्याची सवय लागली आहे, तिला आणखी एकदा ‘स्वच्छ राहत जा’ म्हणून सांगणे म्हणजे तिच्या दुःखात भर घालणे आहे. विकाराचा उगम त्वचेच्या आत आहे. पाणी आणि साबण तेथपर्यंत पोहोचत नाहीत.

मग तोंड धुण्याचा उपयोग काय, असा प्रश्न साहजिकच पडेल. उपयोग आहे, पण मर्यादित आहे. पृष्ठभागावरचे जादा तेल, घाम, धूळ आणि मृत पेशी त्यामुळे निघून जातात. सौम्य स्वरूपाची मुरमे काबूत राहण्यास मदत होते, आणि औषध लावावे लागले तर ते नीट काम करते. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा चाचणीत काही तरुणांना सहा आठवडे दिवसातून एकदा, दोनदा वा चारदा सौम्य पदार्थाने चेहरा धुण्यास सांगण्यात आले. दोनदा धुणाऱ्यांत थोडी सुधारणा आढळली. चारदा धुणाऱ्यांस त्याहून अधिक लाभ झाल्याचे दिसले नाही. त्वचारोगतज्ज्ञही हाच सल्ला देतात. दिवसातून दोन वेळा, आणि शेतातून, मैदानावरून वा कारखान्यातून घाम येऊन परतल्यावर आणखी एकदा. याहून अधिक नाही.

दोन वेळा, तांब्याभर पाण्याने

पद्धत अगदी साधी आहे. प्रथम हात धुवावेत. कोमट वा साधे पाणी घेऊन चेहरा भिजवावा. कढत पाणी नको. त्याने त्वचा कोरडी पडते व लाल होते. सौम्य साबणाचा फेस तळहातावर करून तो बोटांच्या टोकांनी अर्धा-पाऊण मिनिट हलकेच फिरवावा. साबणाची वडी थेट गालावर घासू नये. घासणी, काथ्या, वज्री किंवा खरखरीत कापड यांपैकी काहीही चेहऱ्यासाठी वापरू नये. नंतर भरपूर पाण्याने, विशेषतः केसांच्या रेषेशी व जबड्याच्या कडेला, साबण पूर्ण निघेपर्यंत धुवावे आणि स्वच्छ मऊ पंचाने टिपून घ्यावे. घरातील सर्वांचा एकच टॉवेल असेल, तर निदान तोंड पुसण्यासाठी प्रत्येकाचा वेगळा रुमाल असावा व तो रोज धुतला जावा. धुतल्यावर त्वचा ताणल्यासारखी वाटू लागली, तर साबण प्रखर आहे किंवा धुणे जास्त होत आहे असे समजावे.

टंचाईच्या दिवसांतही एवढी निगा अशक्य नाही. एका वेळेस तांब्याभर पाणी पुरते. पाणी कसे आहे, हा प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे. मराठवाडा व विदर्भातील अनेक गावांत विंधन विहिरीचे पाणी जड असते. शालेय पुस्तकांत ज्याला दुष्फेन पाणी म्हणतात, ते हेच. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी साबणाचा संयोग होऊन फेसाऐवजी पांढरट साका तयार होतो. बादलीच्या कडेला जो साका दिसतो, तोच थोड्या प्रमाणात त्वचेवरही राहतो, आणि तो निघावा म्हणून मुले अधिक साबण लावून अधिक घासतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत तो चालवून घेतला जातो. ग्रामपंचायतीकडे पाणी तपासणीचा अहवाल असतो. त्यातील हा आकडा पाहून ठेवण्यासारखा आहे. जेथे पाणी जड आहे, तेथे साबण थोडा लावावा आणि शेवटचा हबका शक्य असल्यास साठविलेल्या पावसाच्या वा नळाच्या पाण्याचा मारावा.

साबण कोणता, हे लोक हमखास विचारतात. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. तिचा सामू साधारण ५ च्या आसपास असतो. नेहमीच्या साबणाचा सामू ९ ते १० असतो, म्हणजे तो अल्कधर्मी असतो. दिवसातून दोनदा थोडा वेळ लावल्याने बहुतेकांना त्रास होत नाही. पण ज्यांची त्वचा कोरडी पडते, त्यांनी साबणविरहित सौम्य द्रव वापरावा. अंगाच्या साबणाच्या वेष्टनावर ‘टीएफएम’ या अक्षरांपुढे एकूण स्निग्धांशाचा आकडा छापलेला असतो. २००४ च्या भारतीय मानकात (आयएस २८८८) पहिल्या प्रतीसाठी तो किमान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीसाठी ७० व तिसऱ्या प्रतीसाठी ६० टक्के ठरविण्यात आला. ज्या वडीवर ‘बाथिंग बार’ असे लिहिलेले असते, तिच्यात तो याहून कमी असू शकतो. आकडा मोठा म्हणजे मुरमे जातील, असा याचा अर्थ नव्हे. पण विकत घेताना वासापेक्षा व वेष्टनावरील नटीपेक्षा हा आकडा पाहणे शहाणपणाचे आहे. कपडे धुण्याची वडी चेहऱ्याला कधीही लावू नये. ही सूचना अनावश्यक वाटेल, परंतु वसतिगृहांतून असा प्रकार घडतो.

डाळीच्या पिठाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. बेसन पाण्यात वा दह्याच्या निवळीत कालवून लावणे ही आपल्याकडील जुनी चाल आहे आणि ती बरी आहे. बारीक पीठ तेल शोषून घेते व पाण्याबरोबर निघून जाते. अट एकच, की पीठ वस्त्रगाळ असावे, ते वाळून कडक होण्यापूर्वी धुवावे आणि खरवडून काढू नये. दिवाळीच्या उटण्यात पुष्कळदा भरड असते. अंगाला ते चालते; मुरमे असलेल्या गालावर त्याने बारीक जखमा होतात. मुलतानी मातीही आठवड्यातून एकदा चालेल. रोज लावल्यास त्वचा सुकते. कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी वापरणाऱ्यांनी ते वापरावे, मात्र औषध म्हणून त्याच्यावर विसंबून राहू नये.

खोबरेल तेलाची गोष्ट निराळी आहे. केसांना चोपून तेल लावण्याची आपली पद्धत, घामाबरोबर ते कपाळावर ओघळते आणि रोमकूप बुजण्यास साह्य करते. डोक्याला लावावयाच्या स्निग्ध पदार्थांमुळे कपाळावर व कानशिलांवर विशिष्ट प्रकारची मुरमे येतात, याचे वर्णन वैद्यकीय साहित्यात १९७० मध्ये झाले आहे. तेल सोडून द्यावे असे नाही. रात्री बेताचे लावावे, सकाळी केस धुवावेत, कपाळावर केस रुळू देऊ नयेत, आणि उशीचा अभ्रा वरचेवर बदलावा. कपाळापुरती मुरमे असलेल्या अनेक मुलांना एवढ्यानेच फरक जाणवतो.

खाण्याबाबत फार कडक पथ्ये सांगण्यास आधार नाही. गोड पेये, मैद्याचे व झटकन साखर वाढविणारे पदार्थ यांचा मुरमांशी काही संबंध असल्याचे अभ्यासांतून दिसते. ते कमी करणे इतर कारणांनीही इष्ट आहे. वाढत्या वयातील मुलीचे शेंगदाणे, आंबा, अंडी मात्र ‘उष्ण’ म्हणून तोडू नयेत.

जे लावू नये ते

स्वयंपाकघरातील प्रत्येक वस्तू निर्धोक असते, हा समज खरा नाही. लिंबाच्या रसाचा सामू सुमारे २ असतो. तो गालावर चोळून उन्हात गेल्यास त्यातील काही द्रव्यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन त्वचा भाजल्यासारखी होते व गडद पट्टे उठतात. लसणीची पाकळी चोळल्याने फोड येतात. दात घासण्याची पेस्ट, खाण्याचा सोडा, तुरटीचा खडा यांनी पुटकुळी वाळल्यासारखी वाटते, पण भोवतालची त्वचा सोलवटते. पैसा लागत नाही, म्हणून हे उपाय लवकर पसरतात.

परंतु या सर्वांहून मोठा धोका औषधाच्या दुकानात, काही रुपयांना मिळणाऱ्या एका लहानशा नळीत आहे, आणि या लेखाचा खरा रोख तिकडे आहे.

मागे एका तालुक्यात शालेय आरोग्य तपासणीच्या वेळी उपस्थित राहण्याचा योग आला. नववीतील एका मुलीचा चेहरा लालबुंद होता. गालांवर लालसर शिरांचे जाळे, हनुवटीवर बारीक लव आणि कपाळभर एकसारख्या पुटकुळ्या. वैद्यकीय अधिकारी बाईंनी तिला बाजूस घेऊन विचारले, तेव्हा तिने दप्तरातून मलमाची दबलेली नळी काढली. मैत्रिणीने सांगितले, दुकानदाराने दिले, असा इतिहास होता. ‘बाई, लावले की दोन दिवसांत गोरे वाटते, बंद केले की आग होते,’ असे ती म्हणाली. आठ महिने ते मलम चालू होते. ते स्टेरॉइडचे होते.

स्टेरॉइड हे योग्य जागी अत्यंत गुणकारी औषध आहे. ते सूज व लाली तात्काळ दाबते, म्हणून प्रथम जादू झाल्यासारखे वाटते. मुरमांचे मूळ मात्र तसेच राहते. काही आठवड्यांत त्वचा पातळ होऊ लागते, शिरा दिसू लागतात, लव वाढते, आणि ज्या मुरमांसाठी मलम लावले तीच अधिक जोमाने येतात. बंद करावे, तर चेहरा पेटल्यासारखा होतो. म्हणून पुन्हा लावले जाते. भारतातील बारा त्वचारोग केंद्रांनी मिळून केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या विकारासाठी आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला असे मलम लावीत होते. त्यांतील सुमारे एकचतुर्थांश लोकांनी ते मुरमांसाठी, तर त्याहून अधिक लोकांनी गोरेपणासाठी वा साधे मलम म्हणून वापरले होते. निम्म्याहून अधिक लोकांना सल्ला देणारी व्यक्ती डॉक्टर नव्हती. दर दहांपैकी नऊ जणांत दुष्परिणाम आढळले. तीव्र स्वरूपाच्या मलमांचा वापर लहान गावांत व ग्रामीण भागात अधिक होता, ही बाब पंचायत सदस्यांनी ध्यानी घेण्याजोगी आहे.

मार्च २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशा चौदा स्टेरॉइडांची लावावयाची औषधे औषध नियमांच्या अनुसूची ‘एच’मध्ये घातली. त्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती विकता येत नाहीत. वेष्टनाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ‘आरएक्स’ ही खूण असते. घटकांच्या यादीत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले, तर ते मलम मुरमांसाठी नाही, एवढे निश्चित समजावे. गावातील दुकानात ती चिठ्ठीशिवाय सर्रास दिली जात असतील, तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे तक्रार करता येते. वेष्टनाशिवाय मिळणारी, घटक न छापलेली गोरेपणाची मलमेही याच कारणास्तव टाळावीत.

केव्हा व कोठे दाखवावे

सौम्य मुरमांसाठी वर सांगितलेली निगा सहा ते आठ आठवडे नेटाने करून पाहावी. त्वचेला वेळ लागतो. चार दिवसांत उपाय बदलणाऱ्याला कोणताच उपाय लागू पडत नाही. तेवढ्याने भागले नाही, तर बेंझॉइल पेरॉक्साइड, अॅडापॅलीन यांसारखी परिणामकारक मलमे उपलब्ध आहेत व ती महाग नाहीत. ती कशी व किती लावावयाची, हे डॉक्टरांकडून समजून घ्यावे, कारण प्रारंभी त्यांनी थोडी जळजळ होते आणि मुले घाबरून सोडून देतात. खोल, दुखऱ्या गाठी येत असतील, खळगे पडू लागले असतील किंवा मुलाने शाळा, खेळ, बोलणे टाळण्यास आरंभ केला असेल, तर आठ आठवडे थांबण्याचे कारण नाही. मुलींच्या बाबतीत मासिक पाळी अनियमित असून मुरमे व लव दोन्ही वाढत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगावे.

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शासकीय व अनुदानित शाळांतील अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, आणि त्वचेचे विकार तीत अंतर्भूत आहेत. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ पासून चालू असून त्याखालील किशोरवयीनांची केंद्रे आपल्या राज्यात ‘मैत्री’ या नावाने ओळखली जातात. तेथे मुरमांची तक्रार घेऊन जाण्यात संकोचाचे कारण नाही. तपासणी पथक येते तेव्हा मुले दात दाखवितात, डोळे दाखवितात. चेहऱ्याविषयी आपण होऊन कोणी बोलत नाही. वर्गशिक्षकांनी नावे पुकारण्याऐवजी पथकातील डॉक्टरांच्या कानावर ती आधीच घातली, तर काम सोपे होते. शाळेतील नळाला पाणी आणि नळाजवळ साबण असावा, याची काळजी शाळा व्यवस्थापन समिती घेऊ शकते.

ज्यांनी महिनोन्महिने स्टेरॉइड लावले आहे, त्यांनी ते एकाएकी बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करत न्यावे. दवाखान्यात जाताना ती नळी, रिकामी झालेली असली तरी, सोबत न्यावी. तिच्यावरील घटकांचे नाव वाचल्याखेरीज उपचार ठरविता येत नाही. त्या नववीतील मुलीने नळी दप्तरात जपून ठेवली होती, म्हणून बाईंना औषध ओळखता आले. चेहरा निवळण्यास जवळजवळ सहा महिने लागले.